नेहमीप्रमाणे जोडून घ्यावे

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो. त्यात जुने चार्जर, कुठल्यातरी रिमोटचं झाकण, कशाची तरी किल्ली असं काय काय पडलेलं असतं. मुद्दाम कोणी जमवलेलं नसतं, पण ड्रॉवर काही बंद होत नाही. आमच्या धाड गावच्या मंडळींच्या किश्शांचं तसंच झालंय. आम्ही जमलो होतो एक पान लिहायला. कॉम्प्युटरच्या एका प्रोग्रामचं माहितीपान, तेही फक्त पहिलं. असल्या रुक्ष कामात किस्से कुठून येणार, असं मलाही वाटायचं. पान तीन महिन्यांत संपलं. किस्से अजून संपत नाहीत!

आधी तो प्रोग्राम सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. आपल्याला एखादा प्रोग्राम हवा असला की त्याचं नाव टाइप करायचं. हा पॅकेज मॅनेजर तो आणतो, त्याला लागणारे बाकीचे पाच-पंचवीस प्रोग्रामही शोधून आणतो आणि सगळं जागच्या जागी लावून देतो. मी हे चार परिच्छेदांत समजावलं होतं. रिझवानभाईंनी एका दमात सांगितलं. "म्हंजे बाजाराले जाणारा शहाणा माणूस. त्याले म्हटलं पुरणपोळी कराची हाये, की तो डाळ, गूळ, विलायची आपल्या मनानंच आणते. यादी द्याचं काम नाई!"

तेव्हापासून आमच्यात त्या प्रोग्रामचं नाव 'आणणारा' असंच पडलं.

आता माणसं. मी आठ वर्षं पुण्यात नोकरी करून बुलढाण्याला परत आलो. घरूनच काम करतो. हा 'आणणारा' फुकट मिळतो, जगभरची माणसं हौसेनं त्याच्यासाठी राबतात. त्याचं मराठी पान लिहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी मराठी विभागाचा प्रमुख झालो. विभागात मी एकटाच होतो. रिझवानभाई धाडला स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवतात. आधी वीस वर्षं ते टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. तिसरे खर्चे नाना, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. आमच्या कामात ती पात्रता होती. चौथी प्रज्ञा. तिच्यापासूनच सगळं सुरू झालं.

*

प्रज्ञा गवई रिझवानभाईंची जुनी विद्यार्थिनी. धाडचीच. लग्न होऊन दुसरबीडला गेली. घरचं सगळं सांभाळून दोन वर्षं ऑनलाइन शिकली आणि संभाजीनगरच्या एका कंपनीत तिला घरबसल्या काम मिळालं. अट एकच होती. पहिल्या दिवशी आपला लॅपटॉप आपण स्वतः तयार करायचा. त्यात हा 'आणणारा' बसवायचा, पान वाचून बसवायचा, कोणाला विचारायचं नाही. ज्याला पान वाचून एवढं जमत नाही त्याला पुढचं कामही जमणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं.

पान माझं होतं.

प्रज्ञा सकाळी दहाला बसली. तीन पायऱ्या पटापट झाल्या. चौथी पायरी पाथची, म्हणजे 'आणणारा' कुठं ठेवलाय तो पत्ता कॉम्प्युटरला सांगायची. तिथं मी लिहिलं होतं : 'वरील कृती पूर्ण झाल्यावर पाथ नेहमीप्रमाणे जोडून घ्यावा.' ती संध्याकाळी सहापर्यंत त्या वाक्यासमोर बसून होती. सहा वाजता कंपनीचा निरोप आला की तयारी कच्ची दिसते, दिवाळीनंतरच्या सोमवारी आणखी एकदा बघू, आणि ते शेवटचं.

मग तिनं रिझवानभाईंना फोन केला. रडली वगैरे नाही. तिनं फक्त विचारलं, "सर, नेहमीप्रमाणे म्हंजे कसं? मी तर पयल्यांदाच करून राह्यली!"

रिझवानभाई म्हणाले, थांब, मी सांगतो. तर ती म्हणाली, "नका सांगू. चौथी पायरी तुमी सांगसान, मंग पाचवीवर अडीन. तुमी पानच दुरुस्त करा ना. माह्यासारख्या बाकीच्याही हेच पान वाचत असतीन."

पानाच्या तळाशी माझं नाव होतं, खाली 'बुलढाणा' होतं. ते मीच जरा मोठ्या अक्षरात टाकलं होतं. रिझवानभाईंनी कुठून तरी माझा नंबर काढला.

"हे पान लिहिणारे तुमीच का?"

मी म्हटलं, हो. कौतुकाचा फोन असावा असं वाटलं. म्हणून जरा नम्रपणे म्हटलं.

"मंग एक बार धाडले या," रिझवानभाई म्हणाले. "पाहाचं हाये तुमाले."

तिथं जाऊन हे सगळं ऐकलं आणि मला खरंच लाज वाटली. एक बाई दिवसभर माझ्या एका शब्दासमोर बसून होती, आणि तो शब्द मी वाक्य जरा भरीव दिसावं म्हणून घातला होता. रिझवानभाईंनी क्लासच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, 'प्रज्ञाचा सोमवार'. त्याखाली बारा रेघा मारल्या. दर रविवारी आम्ही जमायचो आणि एक रेघ पुसायचो.

*

पहिल्या रविवारी माझं जुनं पान खर्चे नानांना वाचायला दिलं. नाना कुठलाही कागद पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचत नाहीत. अर्ध्या तासानं त्यांनी कागद खाली ठेवला.

"लिहिलं चांगलं," नाना म्हणाले. "पण लग्नपत्रिका झाली. कुलदैवत आलं, आशीर्वाद आले, निमंत्रक आले. जेवण कुठं हाये ते लिहायचंच राह्यलं!"

गोष्ट खरी होती. पहिल्या पायरीच्या आधी माझे सात परिच्छेद होते. त्यात पॅकेज मॅनेजरचा इतिहास होता. तो मला फार आवडायचा. मी म्हटलं, नाना, पार्श्वभूमी कळल्याशिवाय माणसाला विषयाची गोडी कशी लागणार?

नानांनी पेन्सिल कानावर ठेवली. "माह्या नोकरीत खिडकीवर माणूस आला, तर त्याले म्या कचेरी कवा बांधली ते नाई सांगितलं. दाखल्याची खिडकी कोणती ते सांगितलं."

सातही परिच्छेद गेले. मी ते पेनड्राइव्हवर जपून ठेवलेत. अजून कोणी मागितलेले नाहीत.

*

मग आम्ही चाचणीचा नियम केला. नवख्यानं पान वाचायचं, वाचून करायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. तो कुठं अडतो ते पाहायचं आणि तिथलं वाक्य बदलायचं. जगभर असंच करतात.

जगभर धाडसारखी गावं नसावीत. इथं चौकात कोणी मोटरसायकल थांबवून नुसता मोबाइल खिशातून काढला, तरी तिघं येऊन रस्ता सांगतात. कुठं जायचंय ते विचारायच्या आधी! अडलेल्या माणसाकडं बघत गप्प बसणं हा आमच्याकडं उर्मटपणा धरतात. पहिल्या चाचणीत रिझवानभाईंनी नऊ वेळा सांगितलं. चहा घेऊन आलेल्या माणसानं दोन वेळा सांगितलं. त्याचं एकदा बरोबरही निघालं.

पुढच्या रविवारी रिझवानभाईंनी तोंडात मोठं सुपारीचं खांड धरलं आणि शपथेवर गप्प बसले. क्लासचे सहा विद्यार्थी बसवले होते. सहाच्या सहा जण पहिल्या फटक्यात पास! मला आनंद आवरेना. 'आणणारा' सांभाळणाऱ्या परदेशातल्या मुख्य टीमला मेल लिहायला घेतली, की मराठी पान आता निर्दोष आहे.

तेवढ्यात बाहेर चपला घालता घालता एक जण दुसऱ्याला म्हणाला, "काही अवघड नाई बे. चुकीच्या बटनावर बोट गेलं का सर खोकलते."

मेल पाठवली नाही.

"मुद्दाम नाई केलं यार," रिझवानभाई म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. "वीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या हातात चुकीचा स्क्रू पायला का मले ठसका लागते. त्याले मी काय करू?"

चौकशीत निघालं, की तो ठसका क्लासइतकाच जुना आहे. आजवरच्या प्रत्येक बॅचला तो माहीत होता. सर खोकलले की चूक, सर गप्प की बरोबर. धाडच्या किती मुलामुलींनी याच्यावर परीक्षा दिल्या असतील देव जाणे. माहीत नव्हतं ते फक्त रिझवानभाईंना!

त्यांना बाहेर बाकावर बसवलं. तिथून खिडकीतून दिसायचं. मग समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं.

*

एका पायरीत आपल्या कामासाठी फोल्डर बनवायचा होता. मी लिहिलं होतं, 'इथे तुमचे नाव लिहा आणि एन्टर दाबा.' यापेक्षा सोपं वाक्य मराठीत नसेल, असं मला वाटत होतं.

नाना बसले. एक एक अक्षर शोधून, चष्मा वरखाली करत, चांगली दहा मिनिटं त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. मग एन्टर मारलं आणि हात झटकले.

मी वाकून पाहिलं. नानांनी लिहिलं होतं : खर्चे पांडुरंग रामभाऊ, मु. पो. धाड, ता. जि. बुलढाणा.

आडनाव आधी. आयुष्यभर ज्यांनी लोकांच्या अर्जावर 'पूर्ण नाव व पत्ता लिहा' म्हणून लाल पेन्सिलीनं खुणा केल्या, ते दुसरं काय लिहिणार?

आता त्या प्रोग्रामची रीत अशी, की दोन शब्दांत जागा सोडली की तो ते दोन वेगळे फोल्डर समजतो. त्यानं मुकाट्यानं नऊ फोल्डर बनवले. एक खर्चे, एक पांडुरंग, एक रामभाऊ. एक मु., एक पो. मग धाड, मग ता., मग जि., आणि शेवटी बुलढाणा.

रिझवानभाई टपरीवरून आले. त्यांनी स्क्रीन पाहिली.

"नाना, तुमी तर अख्खा जिल्हा बनवला!"

नानांनी एकेक फोल्डर उघडून पाहिला. सगळे रिकामे होते. "जिल्ह्यात काहीच नाई," नाना म्हणाले. "पण नोंद बरोबर हाये."

पानात आता लिहिलंय : 'फक्त एक शब्द लिहा. पत्ता नको.' परदेशातल्या मंडळींना यातलं दुसरं वाक्य काढून टाकायचं होतं. आम्ही काढू दिलं नाही.

*

पासवर्डचा किस्सा छोटा आहे. या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. चोरून बघणाऱ्याला अक्षरं किती तेही कळू नये म्हणून. मला हे इतकं सवयीचं, की पानात लिहायचं सुचलंच नाही.

क्लासमधल्या एका बाईंनी तीन वेळा दाबून पाहिलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "कीबोर्ड मेला."

मी नियमाप्रमाणे गप्प बसलो. रिझवानभाई आले. टीव्ही दुरुस्तीवाला माणूस, यंत्र मेलं म्हटल्यावर हातात स्क्रूड्रायव्हर आलाच. कीबोर्ड खोलला, ब्रशनं झाडला, पुसला, परत बसवला. बाईंनी पासवर्ड दाबला. काही उमटलं नाही. रिझवानभाईंनी दुसरा कीबोर्ड आणला. तोही उमटेना, म्हणून तोही खोलला.

पाच कीबोर्ड झाले. मी सगळं वहीत लिहून घेत होतो.

सहाव्याला मला राहवलं नाही. मी सांगितलं, की न उमटणं हेच बरोबर आहे.

रिझवानभाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तुमाले पयल्या कीबोर्डापासून माहीत होतं?"

म्हटलं, हो. पण नियम होता ना.

"इंजिनिअरसाहेब," ते म्हणाले, "नियम बाईसाठी होता, माह्यासाठी नाई!"

ते पान मात्र त्या दिवशी सुधारलं. वाक्य नानांनी सांगितलं, मी नुसतं उतरवलं : 'काही दिसलं नाही तर घाबरू नका. गप्प आहे म्हणजे बरोबर आहे.' पुढं चौथ्या पायरीलाही हेच वाक्य लावलं, कारण तिथंही काम नीट झालं तर पडद्यावर काहीच येत नाही. 'नेहमीप्रमाणे' काढलं. त्याच्या जागी जी ओळ टाइप करायची ती ओळच देऊन टाकली. ती एवढीशी निघाली. एवढ्याशा ओळीसाठी प्रज्ञाचा दिवस गेला होता. भिंतीवर तेव्हा पाच रेघा उरल्या होत्या.

*

सामान आणण्याआधी 'आणणारा' एकदा विचारतो : 'एवढी जागा लागेल. पुढे जायचे का? हो किंवा नाही.' सगळे डोळे झाकून हो म्हणतात.

नानांनी 'नाही' केलं.

परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथं आल्यावर नाना म्हणाले, नाही. तिसऱ्यांदाही नाहीच. नियम असल्यानं कोणी काही बोलेना. प्रत्येक वेळी पडद्यावर 'रद्द केले' असं यायचं आणि नानांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं.

शेवटी मी विचारलं, नाना, नाही का म्हणता?

"त्यानं जबाबदारी कोणाची ते लिहिलं काय? वरून मंजुरी हाये काय? मंग मी हो कायले म्हणू?"

अहो, पण मग काम कसं होणार?

नानांनी पडद्यावरच्या 'रद्द केले'वर पेन्सिल ठेवली. "झालं ना. प्रकरण निकाली निघालं!"

आता पानात त्या प्रश्नाआधी एक ओळ आहे : 'इथे हो म्हणा. जबाबदारी आमची.' खाली आम्हा तिघांची नावं आहेत. त्याशिवाय नाना हो म्हणेनात.

*

मुख्य टीममध्ये मार्टा नावाच्या एक बाई आहेत. परदेशात कुठंतरी राहतात आणि सगळ्या भाषांतली पानं तपासतात. मराठी येत नाही, म्हणून मी प्रत्येक बदलाचा इंग्रजीत अर्थ लिहून पाठवायचो. फार काटेकोर बाई.

सहाव्या पायरीत सामान उतरायला वेळ लागतो. मी आधी लिहिलं होतं, 'यास काही कालावधी लागू शकतो.' बाजाराच्या दिवशी सगळं गाव मोबाइलवर असतं, तेव्हा तो कालावधी वाढतो. लोकांना वाटायचं कॉम्प्युटर अडकला आणि ते मध्येच बंद करायचे. म्हणून रिझवानभाईंनी वाक्य बदललं : 'आता एक चहा थांबा. काही दाबू नका.'

मार्टाबाईंची मेल आली. एक चहा म्हणजे किती मिनिटं?

मी रिझवानभाईंना विचारलं. ते म्हणाले, "चहा टपरीवरचा का घरचा?" मी ते कळवलं. बाईंनी लिहिलं, घरचा धरा. रिझवानभाई म्हणाले, "दूध घरात हाये का आणाचं हाये?" तेही कळवलं. बाई म्हणाल्या, घरात आहे. यावर नानांनी विचारलं, की पाहुणे कोण आलेत?

चार दिवस मेल नव्हती. मग एक ओळ आली. बाईंनी लिहिलं होतं, की त्यांनी स्वतः जुन्या लॅपटॉपवर सगळं बसवून पाहिलं, शेजारी चहा ठेवला, आणि वाक्य अचूक आहे. मंजूर.

*

आता तो सोमवार.

दिवाळी झाली. रिझवानभाईंचे अर्ध्या गावात विद्यार्थी, त्यामुळं प्रत्येक घरी फराळाला बोलावणं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. चार दिवस चिवडा, चकल्या, शेव, तळलेलं सगळं झालं. त्यात फटाक्यांचा धूर आणि सकाळची थंडी. सोमवारी त्यांचा घसा पार बसला होता.

त्या दिवशी जमायचं असं काही ठरलं नव्हतं. तरी नऊ वाजता आम्ही तिघंही क्लासमध्ये होतो. भिंतीवरच्या रेघा संपल्या होत्या. 'प्रज्ञाचा सोमवार' एवढंच उरलं होतं. तिला फोन करायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून तिघं मिळून फोनकडं बघत बसलो. पान मी दोनशे वेळा वाचलं होतं, तरी आणखी एखादा 'नेहमीप्रमाणे' कुठंतरी राहिला असेल अशी धास्ती वाटत होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. रिझवानभाईंनी स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"सर, काही सांगू नका," प्रज्ञा म्हणाली. "पान वाचून माही मीच करणार हाये. फक्त फोन चालू ठेवा. घरी कोणी नाई, लय एकटं वाटून राह्यलं. कंपनीले विचारलं म्या. कोणी बोलायचं नाई, मंग चालते म्हणे."

रिझवानभाईंनी मान डोलावली. तिला ती दिसणार नव्हती.

पहिली पायरी झाली, तेव्हाच त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला होता. मी हातानं खूण केली, की आवाज बंद करायचं बटण दाबा आणि खोकून घ्या. दिवाळीत ते बटण दाबायला गेले आणि साडूंचा फोन कट झाला होता. तेव्हापासून चालू फोनला ते बोट लावत नाहीत. त्यांनी जोरात मान हलवली. मीच हात पुढं केला, तर त्यांनी फोन उचलून छातीशी धरला. बाहेर जायचं म्हटलं तर त्यांची लोखंडी खुर्ची सरकवली की किंचाळते. नानांनी हळूच पाणी पुढं केलं. घोट घेतल्याचा आवाज होईल म्हणून तेही नाकारलं.

प्रज्ञा मोठ्यानं वाचत होती. दुसरी पायरी. तिसरी पायरी. फोल्डरसाठी एकच शब्द, पत्ता नको. मध्येच ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "सर खोकलले नाई. म्हंजे बरोबर हाये."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

अहो, दुसरबीड कुठं, धाड कुठं! तिचा पडदा इथून कोणाला दिसत होता? पण तिला हे सांगणार कोण? बोलायचं नाही, असा नियम होता. मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खोकू नका' आणि रिझवानभाईंसमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

चौथी पायरी आली. प्रज्ञानं ओळ टाइप केली, एकेक अक्षर बोलून. एन्टर दाबल्याचा आवाज आला. मग तिनं वाचलं, "काही दिसलं नाही तर घाबरू नका. गप्प आहे म्हणजे बरोबर आहे."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. इकडं रिझवानभाईंनी गळ्यातल्या रुमालाचा बोळा तोंडात धरला होता.

"हाव," प्रज्ञा म्हणाली, "बरोबर हाये."

पाचवी झाली. जबाबदारी आमची म्हटल्यावर तिनं हो म्हटलं. सहावीला ती म्हणाली, "सर, इथं एक चहा थांबा लिहिलंय. चहा ठेवते." लांबून गॅस पेटल्याचा आवाज आला. नानांनी कागदावर लिहून विचारलं, 'ती आत गेली, आता खोकावे काय?' रिझवानभाईंनी नकारार्थी मान हलवली. न जाणो, ओटा जवळच असेल. चहा उकळला, गाळला, बशीत ओतला, सगळं आम्ही ऐकलं. एवढा मोठा चहा मी आयुष्यात अनुभवला नव्हता.

"झालं सर! तयार म्हणून आलं!"

तिनं फोटो काढून कंपनीला पाठवला. दोन मिनिटं गेली. मग ती म्हणाली, "आलं त्यायचं. स्वागत आहे म्हणे. उद्यापासून सुरू!" आणि एवढा वेळ कोरडा असलेला तिचा आवाज पहिल्यांदाच भिजला.

नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी वही मिटली. रिझवानभाईंनी फोन टेबलावर ठेवला, तोंडातला रुमाल काढला, आणि फराळाच्या चार दिवसांचा आणि त्या दोन तासांचा सगळा खोकला एकदम सोडला.

पलीकडं बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय चुकलं, सर?" प्रज्ञानं विचारलं. "सगळं पुसून पयल्यापासून करू काय?"

रिझवानभाईंनी नाही, नाही म्हणायला तोंड उघडलं. खोकलाच आला, आणि माझं 'नाही'ही त्यातच बुडालं.

"हाव सर, समजलं," प्रज्ञा म्हणाली. "पुसून टाकते."